बिमलीचे दात : चवथीपर्यंतच्या नोंदी

७ जून २०२५, शनिवार

कामावर मी रोज साइट डायरी लिहितो. किती पोती सिमेंट आलं, कुठल्या स्लॅबवर किती दिवस पाणी मारलं, पाऊस किती वाजता लागला. आजपासून तसलीच एक वही घरी. विषय : बिमलीचे दात.

बिमली गावठी कुत्री, वय अंदाजे अकरा आठवडे. तिची आई एप्रिलअखेरीस इथे गोव्यात, प्रियोळच्या रस्त्यावर गाडीखाली गेली. पिल्लांपैकी हे एक आमच्या कुंपणाजवळच्या बिमलीच्या झाडाखाली थरथरत बसलेलं मुलीला दिसलं, म्हणून हे नाव. तेव्हा ती फार तर पाच आठवड्यांची असेल.

आजवरचं नुकसान : सोप्यावरच्या वेताच्या खुर्चीचे दोन पाय, मोबाइलचे दोन चार्जर, मुलीच्या दप्तराचा पट्टा, न्हाणीघराच्या दाराची खालची कड, आईच्या तीन साड्यांचे काठ. आणि वडिलांचं घुमट, म्हणजे मातीच्या भांड्याला कातडं लावलेलं वाद्य. मातीचं भांडं वाचलं, तोंडावरचं कातडं फाटून गेलं. दर चवथीला (गणेशचतुर्थीला) आमच्याकडे आरतीला तेच घुमट वाजतं. वडील गेल्यापासून ते दादा वाजवतो.

मंगळवारी, ३ जूनला, ती आईच्या मनगटाला चावली. आई ७४ वर्षांची, मधुमेह आहे, कातडी पातळ झाली आहे. दात लहान पण सुईसारखे, रक्त आलं. पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने हात धुतला आणि आरोग्य केंद्रात नेलं. पिल्लाला रेबीजची लस तीन महिन्यांच्या आसपास देतात, बिमलीला अजून मिळालेली नव्हती. पिल्लू लहान आहे म्हणून निर्धास्त राहू नका, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. जखमेत सीरम दिलं आणि लस सुरू केली : त्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. दुसरा डोस काल झाला.

दादा रात्री आला होता. त्याचं म्हणणं सरळ आहे. चवथीला सगळं घर इथे जमणार, चार लहान मुलं असणार. तोपर्यंत ही सुधारली नाही तर शेतावर कोणाला तरी देऊन टाकायची. मी हो म्हटलं. चवथ २७ ऑगस्टला आहे, म्हणजे ८१ दिवस.

आतापर्यंत मी काय केलं तेही लिहायला हवं. नाकावर टिचकी मारली. तोंड मुठीत दाबून धरलं. खुर्चीच्या पायाला मिरचीची पूड लावली. ती तिच्या डोळ्यांत गेली आणि ती तासभर डोळे चोळत होती. परिणाम असा की आता मी हात पुढे केला की ती आधी मागे सरते आणि मग चावते. हे तिला मी शिकवलं. आजपासून बंद.

८ जून

नियम ठरवला. दात कातडीला किंवा अंगावरच्या कपड्याला लागला की एक चावा. वेळ, कोणाला, त्याआधी ती काय करत होती, एवढं लिहायचं. वही फ्रिजवर, पेन दोरीने बांधलेलं. मुलगी म्हणाली, तिचा आकडा तीच लिहिणार.

१३ जून, शुक्रवार

सहा दिवसांत ४७ चावे. मुलीला २२, आईला १३, मला ८, बायकोला ४.

वही पुढ्यात घेऊन बसलो तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. ४७ पैकी ३१ चावे संध्याकाळी साडेसहा ते नऊच्या दरम्यानचे आहेत. सकाळी खाणं झाल्यावरच्या दोन तासांत सहा दिवसांत मिळून फक्त चार. कुत्री तीच, माणसं तीच, घर तेच. सकाळी ती एक असते आणि दिवेलागणीला दुसरीच होते. चावरा स्वभाव म्हणावा तर तो सकाळी कुठे जातो?

दुसरी गोष्ट बायकोची. तिचा आकडा इतका कमी का, म्हणून आज मुद्दाम बघत बसलो. बिमलीने हात धरला की ती हात ओढत नाही, ओरडत नाही. हात सैल सोडते, उठते आणि आत जाते. मुलगी किंचाळत पळते, बिमली मागे. आई काठी हलवते, बिमलीला तो खेळ वाटतो.

१४ जून, शनिवार

पशुवैद्यांकडे. बारा आठवडे पूर्ण, रेबीजची लस दिली. २०२१ साली गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला, देशातलं पहिलं राज्य. ते वर्षानुवर्षे गावोगाव फिरून कुत्र्यांना लस टोचल्यामुळे. आईला हे सांगितलं, तिला बरं वाटलं. तिचे पुढचे डोस मात्र चुकवायचे नाहीत.

वही दाखवली. डॉक्टरीणबाईंनी ती शेवटपर्यंत वाचली आणि पहिला प्रश्न विचारला : झोपते किती? मला सांगता आलं नाही. या वयाचं पिल्लू दिवसाला अठरा-वीस तास झोपतं, त्या म्हणाल्या. झोप अपुरी पडली की ते पेंगत नाही, पिसाळल्यासारखं धावतं आणि चावतं. लहान मूल झोपेला आलं की किरकिरतं, तसंच.

मग दात. पिल्लाला दुधाचे २८ दात असतात, मोठ्या कुत्र्याला ४२. दुधाचे पडायला साधारण साडेतीन-चार महिन्यांत सुरुवात होते आणि सहा-सात महिन्यांपर्यंत सगळे बदलतात. या काळात हिरड्या शिवशिवतात आणि चघळलं की बरं वाटतं. म्हणजे आमचे ८१ दिवस नेमके तिच्या दातांच्या सगळ्यात वाईट दिवसांवर पडतात. हे ऐकून मी गप्प बसलो.

तिसरी गोष्ट मला ठाऊकच नव्हती. चावा किती जोरात घ्यायचा हे पिल्लू आपल्या भावंडांकडून शिकतं. जोरात चावलं की समोरचं केकाटतं आणि खेळ थांबतो, आईही गुरकावून गप्प करते. हे शिक्षण सात-आठ आठवड्यांपर्यंत चालतं. बिमलीचं पाचव्या आठवड्यातच तुटलं. तिला कोणी सांगितलेलंच नाही की दुखतं.

१५ जून, रविवार

दिवसभर घड्याळ लावून झोप मोजली. सगळी मिळून अकरा तास. शेजारी येतात, मुलगी उठवते, टीव्ही चालू असतो, पोदेराचा (पाववाल्याचा) हॉर्न वाजला की ती उठून धावते. आमच्या घरात तिला झोपायला जागाच नाही.

१६ जून

जागा केली. साइटवर वेल्ड मेशचे (लोखंडी जाळीचे) तुकडे उरले होते, कंत्राटदाराला विचारून आणले. चार फूट बाय तीन फूट, उंची तीन फूट. कापलेली टोकं कानशीने घासून बोथट केली, त्यावर पीव्हीसी पाइप उभा चिरून बसवला. शटरिंगचं प्लायवुड फुकट मिळत होतं ते घेतलं नाही. त्याला तेल लावलेलं असतं आणि ही चघळणारच. जागा मधल्या खोलीच्या कोपऱ्यात, राजांगणाकडून (घरामधल्या चौकाकडून) वारा येतो तिथे. वरून जुनी चादर, आत गोणपाट.

दार उघडं ठेवून आत खाणं दिलं. दिवसभर दार लावलंच नाही. रागावून आत टाकायचं नाही हे सगळ्यांना सांगितलं. एकदा जरी शिक्षा म्हणून वापरलं तर ती परत आपणहून आत जाणार नाही.

२० जून, शुक्रवार

वेळापत्रक असं बसतंय : तासभर जाग, दोन तास झोप. संध्याकाळी पाचच्या सुमारास कसंही करून झोपवायचंच, म्हणजे साडेसहाला ती ताजी असते. चादर सोडली, आईने टीव्हीचा आवाज बंद केला (मालिका आता नुसती बघते), की दहा मिनिटांत गाढ.

काल झोप सतरा तास. संध्याकाळचे चावे आधी रोज पाच तरी असायचे. गेले चार दिवस : ३, २, २, १.

मला इतक्या लवकर काही होईल असं वाटलं नव्हतं.

२२ जून, रविवार

आता चघळायला काय द्यायचं हा प्रश्न. चघळणं बंद होणार नाही, दात येताहेत. आपण दिलेलं चघळलं पाहिजे.

पहिलं काम, घरातल्या सगळ्या जुन्या चपला उचलल्या. तिला खेळायला जुनी चप्पल आम्हीच दिली होती. चामडं चावायचं असतं, हा धडा आमचा. चांगली चप्पल कुठली, जुनी कुठली आणि घुमट कुठलं, हे तिला कसं कळावं? घुमटाला पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे, आता बकऱ्याचं लावतात. तिच्या नाकाला ते खाणंच.

दिलेल्या वस्तू आणि निकाल :

पंचा भिजवून, पिळून, गाठ मारून फ्रीजरमध्ये. उत्तम. वीस मिनिटं बसते, हिरड्यांना गारवा मिळतो. चार पंचे पाळीपाळीने. पावसात वीज जाते तेव्हा अडचण.

गार गाजर. चांगलं. जाडच द्यायचं, बारीक तुकडे घशात अडकतात.

नारळाचं सोडण (वरचं काथ्याचं साल). तिला सगळ्यात जास्त आवडलं आणि आमच्या परसात त्याला तोटा नाही. पण तिसऱ्या दिवशी शी करताना धागे निघाले आणि सकाळी ओकली, त्यातही धागे. आतड्यात गुंता झाला तर शस्त्रक्रियाच. आता सोडण फक्त कोणी समोर बसलेलं असताना, आणि विस्कटू लागलं की काढून घ्यायचं. करवंटी अजिबात नाही, तिचे तुकडे धारदार होतात.

भोकाचं रबरी खेळणं, आत भात आणि उकडलेला भोपळा दाबून भरलेला. मला यात बांगडा घालायचा होता, पण १ जूनपासून ट्रॉलर बंद, बाजारात ताजी मासळी कमी आणि महाग. खारवलेला बांगडा मिठामुळे नको. भोपळ्यावर ती खूश आहे.

एका ओळखीच्याने खुर्चीच्या पायाला कोरफडीचा गर चोपडायला सांगितलं. डॉक्टरीणबाईंना फोन केला. कोरफडीने कुत्र्याला जुलाब होतात, लावू नका म्हणाल्या.

२५ जून, बुधवार

आज जीव गोळा झाला. दुपारी तिने फ्रिजची वायर चावली. आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पडला आणि घरातली वीज गेली, म्हणून बायकोला कळलं. वायरचं आवरण फाटून तांबं दिसत होतं. आमच्या बोर्डावर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी आहे, तो मीच दोन वर्षांपूर्वी भांडून बसवून घेतला होता. तो नसता तर आज ही नोंद वेगळी झाली असती.

संध्याकाळी सगळ्या वायरी तीन फुटांच्या वर नेल्या. जिथे खालूनच न्यावी लागते तिथे कडक केसिंग पट्टी. मग बॅटरी घेऊन गुडघ्यांवर सगळं घर फिरलो, तिच्या उंचीवरून काय काय दिसतं ते बघत. सापडलं ते : कपाटाखाली डांबरगोळ्या, आईच्या गोळ्यांची एक रिकामी आणि एक भरलेली पट्टी, जिन्याखाली काजूच्या बियांचं अर्धं पोतं, या हंगामातलं राहिलेलं. बियांच्या टरफलातलं तेल कातडी कशी जाळतं हे काजू भाजलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. पोतं माळ्यावर गेलं. राजांगणात पूजेच्या फुलांसाठी लावलेली कण्हेर आहे. ती पानापासून मुळापर्यंत विषारी, हृदयावर परिणाम करते. तिच्याभोवती जाळी लावली. आई म्हणाली, झाड तोडू नको, मी फुलं जाळीवरून हात घालून काढीन.

२८ जून

पार्वो-डिस्टेंपर या कुत्र्यांच्या आजारांवरच्या लशीचा तिसरा डोस. रस्त्यावर न्यायला अजून दोन आठवडे थांबायचं.

३ जुलै, गुरुवार

पंच्यावर रक्त. आई घाबरली, तिला वाटलं काही लागलं. मुलीने शोधून काढला, तांदळाच्या कणीएवढा पुढचा दात. डबीत जपून ठेवलाय.

आईचा शेवटचा डोस परवा झाला.

चावे वाढलेत, काल ७. झोप नीट असूनही. हे दातांचं आहे. रोज तीन गार पंचे.

६ जुलै, रविवार

अंगावर चावण्याबद्दल काय चालतं, काय नाही.

भावंडासारखं केकाटायचं, हा उपाय सगळे सांगतात. बायकोने केला तर बिमली थबकते. मुलीने केला तर दुप्पट चेकाळते. म्हणून मुलीसाठी वेगळं : झाड व्हायचं. हात छातीशी, पाय स्थिर, नजर वर, तोंड बंद. बिमली सैल पडली की लगेच दोरीचं खेळणं पुढे करायचं. तरीही चावली तर खोलीतून निघून जायचं, दार ओढायचं, तीस मोजायचे, परत यायचं. रागाने काही बोलायचं नाही. तीसच्या वर गेलं तर मुलगी का गेली हे बिमली विसरते आणि दार खरवडू लागते.

नऊ वर्षांच्या मुलीला चावणाऱ्या पिल्लासमोर झाडासारखं उभं राहायला सांगणं सोपं नाही. पहिल्या दिवशी तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण हलली नाही. तिचा आजचा आकडा १.

खेळताना हात तोंडात द्यायचा नाही, हा सगळ्यांना लागू. लांब काठीला दोरी, दोरीला फडकं. दहा मिनिटं त्यामागे धावली की दात फडक्यात रुततात.

८ जुलै

काल पुतण्या आला होता. दीड तास हाताने मस्ती केली, तोंड धरून हलवलं. आज सगळ्यांना मिळून ११ चावे. पुतण्याला फोन केला. पुढच्या वेळी काठीचं खेळणं त्याच्या हातात द्यायचं.

१३ जुलै, रविवार

आईबद्दल. हा भाग सगळ्यात अवघड होता, म्हणून सविस्तर लिहितो.

आई चालली की साडीचा काठ हलतो आणि बिमली झडप घालते. आई काठी पुढे करते, काठी हलली की ती आणखी उसळते. ३ जूनपासून आई तिला भिते, आणि ही भीती मी बोलून घालवू शकत नाही. तिला खरंच लागलं होतं. पंधरा दिवस आई आपल्याच घरात भिंतीच्या कडेने चालत होती. हे बघून मला एकदा वाटलं होतं की दादाचं ऐकावं.

गेल्या रविवारी बायकोने सुचवलं की बिमलीचं खाणं आईच्या हातून जाऊ दे, पण हातातून तोंडात नाही. आई सोप्यावर खुर्चीत बसते, मधे जाळीचं फाटक. वाटीत बिमलीच्या खाण्यातले कोरडे दाणे. आई एक दाणा फाटकापलीकडे जमिनीवर टाकते. बिमली खाते, वर बघते. आई थांबते. बिमली बसली की पुढचा दाणा. उडी मारली तर वाटी झाकायची.

पहिल्या दिवशी आईचा हात थरथरत होता. तिसऱ्या दिवशी बिमली आईला बघूनच बसू लागली. पाचव्या दिवशी आई तिच्याशी बोलताना ऐकू आली : "कितें गो तुका जाय? बस पळोवया." (काय गं हवं तुला? बस बघू.) काल फाटक उघडलं, मी पट्टा धरून शेजारी. आई उठून स्वयंपाकघरापर्यंत चालत गेली, दर चार पावलांवर एक दाणा खाली टाकत. बिमलीचं लक्ष जमिनीवर, साडीच्या काठाकडे नाही. सोप्यापासून चुलीपर्यंत एकही चावा नाही.

काठी आईने दाराच्या मागे ठेवली. मी काही बोललो नाही.

१९ जुलै, शनिवार

बारा तारखेपासून बाहेर फिरणं सुरू. पाऊस उघडला की सहा वाजता, अर्धा तास. परत आली की कानात आणि बोटांच्या मधे गोचिड्या बघायच्या.

शेजारच्या काकींची आठ वर्षांची कुत्री आहे, शांत, सगळ्या लशी झालेली. ५ जुलैपासून दिवसाआड ती आमच्या राजांगणात येते. पहिल्या भेटीत बिमलीने तिचा कान धरला. म्हातारीने मान वळवून एकच गुरकावा दिला, दात दाखवले, लावले नाहीत. बिमली जमिनीला चिकटली. दोन मिनिटांनी पुन्हा खेळायला गेली, पण तोंड उघडं ठेवून, हलकं. जे आम्हाला महिनाभर शब्दांत सांगता आलं नाही ते तिने एका गुरकाव्यात सांगितलं.

तेव्हापासून आमच्याही अंगावर दात लागतो तो वळ न उठवता लागतो. आज वहीत नवा रकाना केला : वळ उठला की नाही.

२७ जुलै, रविवार

काल सगळे एका लग्नाच्या बोलणीला फोंड्याला गेलो, साडेपाच तास. परत आलो तर दिवाणाची गादी उसवून कापूस खोलीभर आणि दाराची चौकट कुरतडलेली. मला राग आला. आवाज चढला, ती दिवाणाखाली गेली. तासापूर्वी केलेल्या गोष्टीबद्दल आता ओरडलं तर तिला एवढंच कळतं की मी घरी आलो की ओरडतो. माहीत असून ओरडलो. लिहून ठेवतो.

आज जुना मोबाइल कपाटावर ठेवून रेकॉर्डिंग केलं आणि दीड तास बाहेर गेलो. एकटेपणाची भीती असती तर पहिल्या काही मिनिटांतच ती दाराशी केकाटली असती, लाळ गाळली असती, दार खरवडलं असतं. तसं काही नाही. पन्नास मिनिटं झोपली, उठली, पाणी प्याली, सगळ्या खोल्या फिरली आणि मग गादीकडे वळली. म्हणजे कंटाळा, आणि दात. कालची चूक आमची : इतका वेळ, इतकी मोकळी जागा आणि चघळायला काहीच नाही.

आता बाहेर जाताना : आधी फिरवून आणायचं, मग एकच खोली, गोठवलेलं रबरी खेळणं, तीन तासांच्या आत कोणीतरी परत. श्रावण लागला आहे, घरात अंडं-मासळी नाही, म्हणून खेळण्यात दहीभात.

९ ऑगस्ट, शनिवार, नारळी पौर्णिमा

सकाळी फिरताना कोणीतरी टाकलेलं कोंबडीचं हाड तिने उचललं आणि घरापर्यंत तोंडात आणलं. मुलगी जवळ गेली तर गुरगुरली. पहिल्यांदाच.

शिजवलेलं हाड फुटून त्याच्या काटक्या होतात, आतडं फाडतात. काढणं भाग होतं. पण हिसकावलं नाही आणि गुरगुरण्यावरून रागावलोही नाही. गुरगुरणं ही सूचना आहे. ती दिली म्हणून मार बसला तर पुढच्या वेळी ती न सांगता चावेल. मुलीला मागे घेतलं, बायकोने ओल्या खोबऱ्याचा तुकडा चार फुटांवर टाकला, बिमली तिकडे गेली, हाड मी उचललं.

आजपासून रोज दहा वेळा देवाणघेवाण. तिच्या तोंडात जे असेल त्याच्या बदल्यात काहीतरी बरं, "सोड" म्हणत, आणि बऱ्याचदा तिची वस्तूही परत द्यायची. सुरुवात फडक्यासारख्या क्षुल्लक वस्तूंपासून.

१७ ऑगस्ट, रविवार

आठवड्याचे चावे ९, वळ उठलेला एकही नाही. आईचा आठवड्याचा आकडा शून्य. "सोड" फडक्याला दहापैकी नऊ वेळा, खेळण्याला सात वेळा. हाडाची परीक्षा घ्यायची नाही.

वरचा डावा सुळा दुधाचाच आहे आणि त्याला खेटून पक्का सुळा डोकावतोय. डॉक्टरीणबाईंना फोटो पाठवला. थांबून बघू म्हणाल्या.

२३ ऑगस्ट, शनिवार

घुमटाला कातडं चढलं. दादानेच बसून केलं. ओलं कातडं मोठ्या तोंडावर ताणून दोरीने आवळलं. पावसाळी हवेत वाळायला पाच दिवस लागले, चुलीच्या वरच्या ऊबेला टांगून. २०१९ साली सरकारने घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं तेव्हा वडील हयात नव्हते. दादा दरवर्षी हे बोलतो, आजही बोलला.

आवाजाची सवयही आजच सुरू केली. दादा अंगणात, बिमली मागच्या खोलीत, हळू थाप. थाप पडली की दाणा. मग एकेक दार जवळ. शेवटी दहा फुटांवर आली, कान टवकारून बसली, भुंकली नाही. दादाने थाप थांबवून तिच्याकडे पाहिलं. मग पुन्हा सुरू केली.

२८ ऑगस्ट, गुरुवार

काल चवथ. आमचा गणपती दीड दिवसाचा, आज विसर्जन झालं. रात्री साडेदहा, आता लिहायला वेळ मिळाला.

घरात २३ माणसं होती. गणपतीच्या वर टांगायची माटोळी परवा बांधली : नारळ, सुपारीचा घड, तवशी (मोठ्या काकड्या), रानातली फळं. त्यातली काही नुसती शोभेची, खाण्याची नसतात, खाली पडलं तर ती पहिली पोचेल. म्हणून गणपतीच्या खोलीला जाळीचं फाटक, आत प्रवेश नाही.

पहाटे फिरणं, नऊ ते बारा तिच्या जागेत झोप, दार लावलेलं. दारावर मुलीने कागद चिकटवला : बिमली झोपली आहे. मुलांनी तो पाळला, मोठ्यांनी दोनदा दार उघडलं. फटाक्यांच्या वेळी बायको तिच्याजवळ बसून होती. दुपारी जेवणं झाल्यावर पट्ट्यावर बाहेर काढलं. चारही मुलांना आधीच झाड व्हायला शिकवलं होतं, मुलीनेच. सगळ्यात लहान भाची चार वर्षांची. तिने मोदकाचा हात खाली नेला आणि मी धरायच्या आत बिमलीने मोदक घेतला. बोटं ओली झाली, ओरखडा नाही. भाची हसली. मी तिची पाचही बोटं उजेडात नेऊन बघितली.

दोन दिवसांत तीन चावे. एक माझ्या पायजम्याला, दोन पुतण्याला. त्याने पुन्हा हात दिला होता. वळ नाही.

आरतीच्या वेळी ती आईच्या खुर्चीखाली होती. आईच्या ओटीत दाण्यांची वाटी. दादा घुमट वाजवत होता आणि त्याची नजर सारखी खुर्चीखाली जात होती. निघताना तो शेतावरच्या माणसाबद्दल काही बोलला नाही. मीही विचारलं नाही. चपला घालताना म्हणाला, "रबराचं ते खेळणं कुठे मिळतं? आमच्या शेजाऱ्यांच्या पिल्लाने सोफा फाडलाय."

१४ सप्टेंबर, रविवार

पंचवीस आठवडे. वजन साडेदहा किलो. वरचा डावा दुधाचा सुळा अजून पडलेला नाही. काल दाखवला. पुढच्या महिन्यात नसबंदी करायची आहे, तोवर पडला नाही तर त्याच भुलीत काढतील. दोन सुळे एका जागी राहिले तर मधे अन्न अडकून हिरडी खराब होते.

आठवड्याचे चावे ४. पायपुसणं अजून सुरक्षित नाही, या महिन्यात दोन गेली. दाढा यायच्या आहेत, वही ऑक्टोबरअखेरपर्यंत चालू ठेवतो. पाचची झोप कालच्या पाहुण्यांमुळे चुकली आणि साडेसातला मुलीच्या बाहीला दात लागले. वहीत दोन्ही नोंदी एकाखाली एक आहेत.

दादाने घुमट आमच्याकडेच ठेवलंय, भिंतीत खुंटी ठोक म्हणाला. पाच फुटांवर ठोकली. बिमली मागच्या पायांवर उभी राहून तीन फूट दोन इंचांपर्यंत पोचते, आज मोजलं.